दिवसाला दोन युनिट : अर्भकांचा मधुमेह आणि इन्सुलिन पंप

मावळातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या डॉक्टरला अर्भकाचा मधुमेह अख्ख्या नोकरीत एखाद्या वेळीच दिसेल. सहा महिन्यांच्या आत सुरू होणारा हा आजार लाखात एखाद्या बाळाला होतो. तरीही या विषयात या, कारण इथे चुकायला फार जागा नाही.

पहिली अडचण मापाची. 4 किलोच्या बाळाला दिवसभरात साधारण 2 युनिट इन्सुलिन लागतं. लाल टोपणाची साधी सिरिंज हातात घेऊन पाहा: तिच्यावरची एक रेघ म्हणजे 1 युनिट, म्हणजे बाळाचा अर्धा दिवस! त्यात बाळ दर दोन-तीन तासांनी अंगावर पिणार, कधी पिता पिताच झोपणार; पोटात दूध किती गेलं, कुणी सांगावं? पंपाची गरज इथे पडते. पिकप आणि कीन यांनी 1978 साली लंडनहून ही पद्धत मांडली ती मोठ्यांसाठी. आज काही पंप तासाला 0.025 युनिट इतकं बारीक इन्सुलिन सोडतात, म्हणजे मिलिलिटरचा चार हजारावा भाग. त्याहूनही कमी लागलं तर इन्सुलिन पातळ करून भरतात.

पण पंपाचं फार कौतुक नको. त्यात लांब पल्ल्याचं इन्सुलिन नसतं. बाळाच्या अंगावर चरबी कमी, त्यामुळे कातडीखालची नळी सहज दुमडते. नळी दुमडली की काही तासांत रक्तात कीटोन चढतात. आंदर मावळातल्या घरी, पावसाळ्यात, पुणं तेव्हा फार लांब असतं. म्हणून पंप देण्याआधी आईला सिरिंज भरता आली पाहिजे.

त्याआधी जनुकतपासणीही हवी. या आजारामागचा केसीएनजे-11 या जनुकातला दोष 2004 मध्ये सापडला, आणि अशा बहुतेक बाळांचं इन्सुलिन ग्लिबेनक्लामाइडच्या गोळीवर सुटू शकतं, हे 2006 मध्ये दिसलं. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने आपल्याकडच्या बाळांवर या दिशेने मोठं काम केलं आहे. ज्याला गोळी पुरेल त्याला महागडा पंप जन्मभर बांधणं हा मला अन्यायच वाटतो.

पण हे सगळं निदान झालं तर. लोणावळ्याच्या पावसात धाप लागलेलं बाळ आलं की आपण न्यूमोनिया धरून चालतो; कीटोन चढलेलं बाळही अशाच धापा टाकतं. लंगोट सारखे ओले होत असतील, वजन उतरत असेल, तर वाफ देण्याआधी टाचेला टोचून साखर पाहा. ग्लुकोमीटर तुमच्या टेबलावरच आहे.