तुळजापूरची 'तारा' आणि कादंबरीचे प्रामाणिक परीक्षण

आमच्याकडे नव्या कादंबरीचे स्वागत बहुधा दोनच रीतींनी होत आले आहे. ग्रंथकार ओळखीचा अथवा आपल्या पक्षाचा असला, तर त्याच्या पदरात स्तुतीची ओंजळ रिकामी करावयाची. तो परका अथवा प्रतिपक्षाचा असला, तर पुस्तक उघडण्यापूर्वीच लेखणी पाजळून बसावयाचे. ह्या दोहोंहून निराळी अशी तिसरी रीत आहे. पुस्तक साद्यंत वाचावे, ते कोणत्या प्रकारचे आहे हे ओळखावे, त्या प्रकारास जे नियम लागू पडतात त्यांनीच ते मोजावे, आणि मग जे दिसले ते भीड न धरता व राग न मानता सांगावे. बोलावयास ही रीत सोपी आहे, आचरावयास कठीण. आणि पुस्तकात जेव्हा आपलेच गाव, आपलीच देवी व आपलेच लोक असतात, तेव्हा तर तिचा कस लागतो. असा कस पाहण्याजोगे एक उदाहरण धाराशिव जिल्ह्याच्या वाट्यास आले आहे. त्याचा विचार येथे करण्याचे योजिले आहे.

इ. स. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब व धाराशिवकडील प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. ह्या प्रांताचा कारभार निजामाच्याच नोकरीत वाढलेल्या फिलिप मेडोज टेलर ह्या अधिकाऱ्याकडे आला, व त्याने नळदुर्ग येथे आपले ठाणे केले. बोरी नदीचे पाणी बांधाने अडवून त्या बांधाच्या पोटातच दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दीत बांधलेला पाणीमहाल ज्यांनी पाहिला आहे, त्यांस कथालेखकाने ह्या स्थळी राहून काय काय मनात साठविले असेल, ह्याची कल्पना करता येईल. टेलर १८०८ साली लिव्हरपूल येथे जन्मला व पंधराव्या वर्षीच ह्या देशी आला. हैदराबादचे सावकार विल्यम पामर ह्यांच्या कन्येशी त्याचा विवाह झाला. त्या घराण्यात इंग्रज व हिंदी रक्त एकत्र झालेले होते. सारांश, तो परका खरा, परंतु आजच येऊन उद्या जाणारा प्रवासी नव्हे. १८५७ साली त्याची वऱ्हाडात बदली झाली, १८६० साली त्याने हिंदुस्थान सोडले, व त्याच साली धाराशिवचा प्रांत निजामास परत मिळाला.

स्वदेशी परतल्यावर, १८६३ साली, एडिंबरोच्या ब्लॅकवुड मंडळींनी त्याची 'तारा' ही कादंबरी तीन भागांत प्रसिद्ध केली. तिची नायिका तुळजापूरच्या व्यासशास्त्री नामक ब्राह्मणाची बालविधवा कन्या. ती भवानीच्या सेवेस वाहिली जाते. मोरो त्रिमल नावाचा कपटी ब्राह्मण तिच्या मागे लागतो. अफझलखानाच्या स्वारीच्या धामधुमीत ती खानाच्या घरी आश्रय पावते. आणि शेवटी खानाचा पुत्र फाजल तिला सतीच्या चितेपासून वाचवून तिचे पाणिग्रहण करतो. एका इंग्रजी ग्रंथाच्या तीन भागांत तुळजापूरचे देऊळ, तेथील गल्ल्या, पुजारी व यात्रेकरू असे अवतरले.

आता त्याच सुमारास मराठी कादंबरीची काय स्थिती होती ते पाहू. बाबा पदमनजी ह्यांचे 'यमुनापर्यटन' १८५७ साली निघाले. त्यात विधवांचे दुःख खरे आहे, परंतु कथेवर धर्मोपदेशाचे ओझे फार. त्यानंतर १८६१ साली लक्ष्मण मोरेश्वर शास्त्री हळबे ह्यांची 'मुक्तामाला' व १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड ह्यांची 'मंजुघोषा' आली, आणि राजपुत्र, राजकन्या, कपट, वियोग व पुनर्मीलन ह्यांची एक परंपराच सुरू झाली. बाणभट्टाच्या ग्रंथाचे नाव साऱ्या जातीस देणाऱ्या भाषेत असे व्हावे हे एका परीने स्वाभाविकच होते. परंतु रिसबूड ह्यांनी प्रस्तावनेत दिलेले कारण लक्षात घेण्याजोगे आहे. आम्हां हिंदू लोकांच्या विवाहाच्या चालीरीतींमुळे व इतर कारणांनी आमच्या जीवितात मनोरंजक असे गुण वा दुर्गुण आढळत नाहीत, नित्याच्या अनुभवाचे लिहावे तर त्यात चित्त वेधणारे काही निघत नाही, म्हणून अद्भुताचा आश्रय करणे भाग पडते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे.

हे वाक्य लिहिले जाण्यापूर्वी पाच वर्षे 'तारा' प्रसिद्ध झालेली होती. ज्या विवाहाच्या रूढीमुळे आमचे जीवित कथेस निरुपयोगी असे रिसबूडांस वाटले, त्याच रूढीने विधवा केलेल्या मुलीवर एका परकीयाने तीन भागांची कथा उभारली होती. साहित्य दाराशी पडलेले होते. डोळे मात्र दूरच्या उद्यानांकडे लागलेले होते. 'तारे'च्या प्रामाणिक परीक्षणातून आम्हांस मिळणारा हा पहिला धडा होय, व तो आमच्याच विरुद्ध जाणारा आहे.

मराठीतही हा डोळा फिरविण्याचे काम परीक्षकांनीच केले. काशीनाथ बाळकृष्ण मराठे ह्यांनी १८७२ साली नावल व नाटक ह्यांविषयी जो निबंध लिहिला, त्यात त्यांनी अद्भुत कादंबऱ्यांस संभाव्यतेची कसोटी लाविली. 'विविधज्ञानविस्तार' हे मासिक १८६७ सालापासून चालू होते, आणि त्याच मासिकातून रामचंद्र भिकाजी गुंजीकर ह्यांची 'मोचनगड' ही ऐतिहासिक कादंबरी पुढे आली. पुढे १९०२ साली इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनी आपल्या 'कादंबरी' ह्या निबंधात युरोपातील थोर कादंबऱ्यांचे माप मराठीस लाविले. ते माप कोणास कठोर वाटो. परंतु ज्या कादंबरीस कोणी कठोर मापाने मोजीत नाही, ती वाढत नाही.

कठोर माप म्हणजे सर्वांस एकच माप नव्हे. अद्भुत कथेत घोडा उडाला म्हणून परीक्षकाने रागावू नये. एकदा उडालेला घोडा पुढे विनाकारण चालू लागला, तर मात्र जाब विचारावा. ऐतिहासिक कथेस कल्पनेची मोकळीक आहे, परंतु काळाचा स्वभाव बदलण्याची नाही. सामाजिक कथेत दुःख मांडले एवढ्याने भागत नाही. ते कोणत्या कारणांनी घडते हे दिसले पाहिजे. रहस्यकथेत वाचकापासून धागा लपवावा, पण खोटा धागा त्याच्या हाती देऊ नये. बाबूराव अर्नाळकर ह्यांच्या शेकडो रहस्यकथा ज्या पिढ्यांनी दिव्याखाली वाचून काढल्या, त्यांच्या आनंदास तुच्छ लेखणारा परीक्षक प्रामाणिक नव्हे. तो केवळ मानी होय.

ह्या मापांनी 'तारा' मोजली असता काय निष्पन्न होते? टेलरचे सन्मानपूर्वक श्रेय असे की, त्याने एका धर्माचे सर्व लोक भले व दुसऱ्याचे सर्व वाईट, असा सोपा हिशेब मांडला नाही. विजापूरच्या सरदाराच्या घरातील माया त्याने जितक्या आपुलकीने रंगविली, तितक्याच आपुलकीने शास्त्र्याच्या घरातील. त्याच्या आधीच्या, १८३९ सालच्या, 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ह्या पुस्तकात भवानी ही फासेकऱ्यांची देवता म्हणून येते. 'तारे'त तीच एका गावाची आई म्हणून येते. ह्या दोन पुस्तकांमध्ये टेलरची नळदुर्गची वर्षे आहेत, आणि आमच्या मते ह्या भेदाचे श्रेय त्या वर्षांस देणे अयोग्य होणार नाही. कागदपत्रांतून ओळखलेली देवी व शेजारी राहून पाहिलेली देवी ह्यांत असे अंतर पडते.

दोषही स्पष्ट आहेत. तारेस व तिच्यासारख्या स्त्रियांस टेलर मुरळी म्हणतो. मुरळी ही खंडोबाची; तुळजाभवानीच्या सेवेत आराधी, आराधिणी व गोंधळी हे तुळजापूरच्या कोणत्याही म्हाताऱ्या बाईस ठाऊक आहे. नळदुर्ग व अणदूर येथे खंडोबाचे मोठे स्थान आहे, तेव्हा ठाण्याजवळ पाहिलेले त्याने तुळजापुरास नेले असावे, असा आमचा तर्क. दुसरा दोष काळाचा. १६५७, १७५७ व १८५७ अशा शंभर शंभर वर्षांच्या अंतराने तीन कादंबऱ्या रचावयाच्या ह्या योजनेसाठी त्याने शिवकालीन कथा १६५७ सालावर बसविली. अफझलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ रोजी झाला. कल्पकतेस दोन वर्षांची सूट देता येईल, पण ती सूट कथेच्या गरजेसाठी नसून आकड्यांच्या शोभेसाठी घेतलेली आहे, हे सांगितले पाहिजे. शिवाय ह्या मालिकेचा ओघ मराठ्यांच्या उदयापासून प्लासीवरून इंग्रजी राज्याच्या दृढीकरणाकडे जातो. तो राज्यकर्त्याच्या खिडकीतून दिसणारा ओघ आहे.

परंतु सर्वांत मोठा दोष शेवटात आहे. तारेची सुटका होते ती गाव सोडून, समाज सोडून, एका शूर पुरुषाच्या हातून. तुळजापुरास काहीच बदलावे लागत नाही. प्रणयकथेच्या नियमाने हा शेवट गोड आहे. पण विधवेचा जो प्रश्न पहिल्या भागात उभा केला, त्याचे उत्तर तो देत नाही, त्यास बगल देतो. ह्याच्या शेजारी हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ठेवावी. १८९० सालापासून 'करमणूक' पत्रातून ती क्रमशः निघाली. तिच्यातील यमूस सोडविण्यास कोणी फाजल येत नाही. केशवपनाचा प्रसंग टळत नाही. आणि म्हणूनच पुस्तक मिटल्यावर उत्तर देण्याची जबाबदारी वाचकाच्या घरावर येऊन पडते. त्याच हरिभाऊंनी 'उषःकाल'मध्ये (१८९५–९७) आदिलशाहीच्या चाकरीत अडकलेल्या मराठा घराण्याचे मन आतून दाखविले. टेलरने दार दाखविले. आत जाण्याचे काम मराठी लेखकाने केले.

एक गोष्ट उरते. 'तारे'चे परीक्षण ज्यांनी प्रथम करावयास हवे होते, ते तुळजापूर-नळदुर्गचे वाचक. पुस्तक इंग्रजीत, विलायतेत छापलेले. आणि १८६० ते १९४८ ह्या काळात हा भाग निजामाच्या राज्यात, जेथे दरबाराची भाषा आधी फारसी व मग उर्दू, आणि १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. ज्यांच्याविषयी लिहिले गेले, त्यांच्या हाती पुस्तकही नव्हते व आपल्या भाषेतील पीठही नव्हते. ग्रंथात गाव येणे व गावास ग्रंथाविषयी बोलता येणे, ह्या दोन निराळ्या गोष्टी होत.

ती दुसरी गोष्ट आता साध्य आहे. २०२० च्या जानेवारीत ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ह्याच नगरीत, तेव्हाच्या उस्मानाबादेत, फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या अध्यक्षतेखाली भरले. मंडप उठतात, भाषणे विरतात. मागे राहावयाचा असतो तो वाचणारा व स्पष्ट बोलणारा वाचक. आपल्या गावचे वर्णन आले म्हणून हुरळून जाऊ नये, आणि वर्णन बोचले म्हणून पुस्तक फेकूनही देऊ नये. मुरळी व आराधीण ह्यांतील भेद पुण्यामुंबईचा परीक्षक सांगू शकणार नाही. तो येथल्या वाचकानेच सांगावयाचा. त्याबरोबर, परक्याने जे आपल्या आधी पाहिले ते आपणांस का दिसले नाही, हा प्रश्नही त्याने स्वतःस विचारावयाचा. हे दोन्ही एकाच लेखणीने लिहिता आले, म्हणजे ते परीक्षण प्रामाणिक झाले असे आम्ही समजतो.