जुन्या वीराचें पुनर्दर्शन

विद्युद्वेगानें धावणाऱ्या वीराची ‘द फ्लॅश’ ही दूरचित्रवाणी-मालिका अमेरिकेंत १९९० सालीं सुरू झाली. नायक बॅरी ॲलन याची भूमिका जॉन वेस्ली शिप यांची होती. एका वर्षांतच, १९९१ मध्यें, ती बंद पडली. कथा अर्धवटच राहिली.

२०१४ सालीं तीच कथा नव्या नटांनिशीं पुन्हां उभी राहिली, आणि पत्नीच्या खुनाचा खोटा आळ येऊन तुरुंगांत पडलेला नायकाचा पिता म्हणून समोर आले ते शिपच! जाणत्या प्रेक्षकांस एका चेहऱ्यांत दोन माणसें दिसलीं. पुढें २०१५ सालीं जुना खलनायक ट्रिकस्टर, म्हणजे मार्क हॅमिल, हेही त्याच भूमिकेंत परतले. अशा भेटी फार झाल्या, कीं लग्नघरच्या पाहुण्यांची नुसती हजेरी वाटते, हें मला कबूल आहे.

परंतु १० डिसेंबर २०१९ चा भाग निराळा. त्यांत शिप तांबडा पोषाख चढवून जुना बॅरी म्हणूनच आले. विश्वरक्षणासाठीं नव्या बॅरीला मरणें प्राप्त होतें. जुन्यानें त्याचा वेग हिरावून घेतला आणि त्याच्या जागीं स्वतः धावून प्राण दिला. अंतकाळीं त्याला आठवलें तें पहिल्या मालिकेंतलेंच खरें दृश्य: तरुण बॅरी आणि त्याची सहकारिणी टीना मॅकगी. अठ्ठावीस वर्षांनीं कथा पुरी झाली.

माझ्या नातवानें जुनी मालिका पाहिली नव्हती. तो बराच वेळ गप्प होता, मग हळूच म्हणाला, “आजोबा, ती पहिली गोष्ट लावा ना.”