भाकितांचा अक्षरार्थ आणि मर्मार्थ



आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीचा हा स्मृतिग्रंथ सिद्ध होत असतां, ज्युबिली ह्या शब्दाच्या मुळाशीं असलेल्या एका जुन्या वादाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायांत आज्ञा आहे कीं, पन्नासाव्या वर्षीं शिंग फुंकावें, विकली गेलेली जमीन मूळ कुळास परत मिळावी, आणि दारिद्र्यापायीं दास झालेल्यानें मोकळें होऊन घरीं जावें. पुढें यशया ग्रंथाच्या ६१ व्या अध्यायांत हेंच मुक्तिवर्ष भाकिताच्या रूपानें येतें. तें अक्षरशः घ्यावें कीं रूपक म्हणून?

प्रभु येशूनें नासरेथच्या सभास्थानांत हाच उतारा वाचला व तो आज पूर्ण झाला असें सांगितलें. मात्र सूडाच्या दिवसाचे शब्द येण्यापूर्वींच त्यानें ग्रंथ मिटला. शस्त्रबळानें राज्य येईल असें मानणारे पुढेंही होतेच. इ. स. १३२ मध्यें बार कोखबा यानें रोमविरुद्ध बंड केलें; याकोबांतून उगवणाऱ्या ताऱ्याचें भाकीत रब्बी अकिबा यांनीं त्याला लाविलें, असें यहुदी परंपरा सांगते. १३५ सालीं त्या बंडाचा शेवट रक्तपातांत झाला. आपल्यांतही संत जस्टिन व संत इरेनियस यांनीं प्रकटीकरणांतील सहस्र वर्षांचें राज्य अक्षरशः मानिलें होतें. संत ऑगस्टिन यांनीं तो काळ ख्रिस्तसभेचा, असा अर्थ लाविला.

उलट, ऑरिजेनप्रभृति अलेक्झांड्रियाचे पंडित शब्दाशब्दांत रूपक शोधीत. संत थॉमस अक्वायनस यांनीं मर्यादा घातली कीं, सर्व गूढार्थ अक्षरार्थावरच उभे असावेत. १९४३ सालीं पोप बारावे पायस यांनीं आपल्या परिपत्रांत, लेखकानें कोणत्या वाङ्मयप्रकारांत लिहिलें हें प्रथम पाहावें, असें शिकविलें. १९६५ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेंही तेंच सांगितलें. यशया झाडांना टाळ्या वाजवावयास लावतो. तेथें आनंद हाच त्याचा अक्षरार्थ होय.

मराठी वाचकास हें परकें नाहीं. आपल्या अंबाजोगाईस वस्त्रावर पासोडी लिहिणारे दासोपंत १६१५ सालीं निवर्तले. पुढच्याच वर्षीं, १६१६ मध्यें, गोव्यांतील राशोल येथें येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचें मराठी ख्रिस्तपुराण रोमन लिपींत छापून निघालें. ओवीबद्ध अशा त्या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्यांत तारणाऱ्याचें वचन, दुसऱ्यांत त्याची पूर्ति. वचन खऱ्या इतिहासांत दिलें गेलें म्हणूनच पूर्तीला अर्थ, हा त्या रचनेचा बोध आम्हांस वाटतो. पायीं दिंडीनें जाणाऱ्या वारकऱ्यास पंढरपूर हें खरोखरचें गांवही असतें आणि अंतःकरणांतलें स्थानही; एकानें दुसरें खोटें होत नाहीं.

आतां आमचीच एक चूक सांगतों. यशयाच्या त्या उताऱ्यावर आम्हीं कित्येक वर्षें केवळ पापमुक्तीचें प्रवचन केलें. एकदां मिस्सा संपल्यावर, उसतोडीहून नुकत्याच परतलेल्या एका भगिनीनें विचारलें, “फादर, ह्यात आमची उचल बी फिटती का?” मुकादमाकडून घेतलेली ती रक्कम हंगामभर कोयता चालवूनही फिटली नव्हती. आम्हांस तत्काळ उत्तर सुचलें नाहीं. पापाच्या दास्यांतून सुटका हा भाकिताचा मुख्य अर्थ खराच. परंतु ऋणाखालीं वांकलेल्या माणसांस उद्देशून तें बोललें गेलें हेंही तितकेंच खरें. रूपकाच्या आडोशानें कर्जाचा शब्द पुसून टाकणें आम्हांस सोयीचें होतें, एवढेंच.

म्हणून ह्या ज्युबिलीच्या वर्षीं मंदिराची रंगरंगोटी जशी होईल, तशीच आपापसांतल्या हातउसन्या देण्याघेण्याचीही आठवण व्हावी. ज्याला जें सोडतां येईल तें त्यानें सोडावें. तसें झाल्यास प्रभूचें तें वचन आपल्या गांवींही थोडें पुरें झालें, असें म्हणतां येईल. प्रभु आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.