हॅलेचा धूमकेतू : भाकीत आणि पडताळा

शालेय विज्ञान प्रदर्शनातील धूमकेतू बहुधा थर्माकोलचा गोळा आणि कापसाची शेपटी यांवरच संपतो. हॅलेच्या धूमकेतूचे खरे महत्त्व मात्र त्याच्या रूपात नाही. आकाशातील घटनेचे भाकीत गणिताने करता येते आणि ते पडताळताही येते, हे या धूमकेतूने सिद्ध केले. हिंगोली जिल्ह्यातील विद्यार्थ्यांनाही असा पडताळा स्वतः घेता येईल.

मृत्यूनंतर खरे ठरलेले भाकीत

१५३१, १६०७ आणि १६८२ साली दिसलेल्या धूमकेतूंच्या कक्षा जवळजवळ सारख्या असल्याचे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅले यांच्या ध्यानात आले. हे तीन नसून एकच धूमकेतू आहे आणि तो १७५८च्या सुमारास परतेल, असे त्यांनी सांगितले. हॅले १७४२ मध्ये निवर्तले. पुढे क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोत या फ्रेंच गणितज्ञांनी गुरू व शनी यांच्या ओढीमुळे होणारा विलंब मोजला. २५ डिसेंबर १७५८ रोजी धूमकेतू दिसला आणि मार्च १७५९ मध्ये तो सूर्याजवळून गेला.

शेंडेनक्षत्राचे अंतरंग

धूमकेतूचे केंद्रक बर्फ, धूळ व खडक यांचे बनलेले असते. सूर्याजवळ येताच बर्फाची वाफ होते, धूळ उधळते आणि शेपटी निर्माण होते. ती नेहमी सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते. मार्च १९८६ मध्ये युरोपचे ‘जोत्तो’ यान हॅलेच्या केंद्रकापासून सुमारे ६०० किलोमीटरवरून गेले. सुमारे १५ किलोमीटर लांबीचे ते केंद्रक कोळशासारखे काळेकुट्ट आढळले.

शेंडेनक्षत्र म्हणजे अपशकुन, ही समजूत जुनीच. मे १९१० मध्ये पृथ्वी या धूमकेतूच्या शेपटीतून जाणार म्हणून जगभर विषारी वायूची भीती पसरली. प्रत्यक्षात काहीही अपाय झाला नाही.

हिंगोली आणि हॅले

१९१० साली हिंगोली हैदराबाद संस्थानात होती, तर १९८६ साली परभणी जिल्ह्यात. १ मे १९९९ रोजी ती स्वतंत्र जिल्हा झाली. त्यामुळे जिल्हा म्हणून हिंगोलीला हॅलेचे पहिले दर्शन जुलै २०६१च्या सुमारास घडेल. आज तेरा वर्षांचे असलेले विद्यार्थी तोवर पन्नाशीच्या आसपास पोहोचलेले असतील.

प्रकल्पात काय करावे?

सूर्यसान्निध्याची वर्षे एका तक्त्यात मांडावीत : १५३१, १६०७, १६८२, १७५९, १८३५, १९१०, १९८६, २०६१. लगतच्या दोन वर्षांतील अंतर ७५ ते ७७ वर्षे भरते. ते समान का नाही? ग्रहांची ओढ आणि केंद्रकातून उसळणाऱ्या वायूंचा धक्का, ही त्याची कारणे.

दुसरा भाग निरीक्षणाचा. हॅलेने मागे टाकलेल्या धुळीतून पृथ्वी दरवर्षी दोनदा जाते आणि उल्कावर्षाव होतो. ५-६ मेच्या सुमारास पहाटेपूर्वी पूर्वेकडे आणि २१-२२ ऑक्टोबरच्या सुमारास मध्यरात्रीनंतर मृग नक्षत्राच्या बाजूने येणाऱ्या उल्का दिसतात. दिव्यांपासून दूर, अंधाऱ्या शेतात वडीलधाऱ्यांसोबत बसून दर पंधरा मिनिटांना दिसलेल्या उल्का मोजाव्यात. तारीख, वेळ, ढग व चंद्रप्रकाश यांचीही नोंद ठेवावी. दुर्बिणीची गरज नाही.

उल्का कमी दिसल्या तरी आकडे बदलू नयेत. हॅलेनेही इतरांनी प्रामाणिकपणे ठेवलेल्या जुन्या नोंदींच्या आधारेच आपले भाकीत केले होते.