क्लोरोफॉर्म आणि हैदराबादचीं कुत्रीं

मुंबईहून निघालेली आगगाडी सोलापूर सोडते, होटगी जंक्शनवर विजापूरचा फांटा मागें टाकते आणि वाडीस पोहोंचते. वाडीहून हैदराबादेस जाणारा निजामशाहीचा लोहमार्ग १८७४ सालीं सुरू झाला. पुढें पंधरा वर्षांनीं इंग्लंडांतील शस्त्रवैद्यांचे डोळे याच वाटेच्या टोकाकडे लागले.

१८४७ सालीं एडिंबरोच्या सिम्सननें क्लोरोफॉर्म प्रचारांत आणलें. तीन महिने होतात न होतात तोंच एक पंधरा वर्षांची इंग्रज मुलगी तें हुंगतांना एकाएकीं मरण पावली. असा मृत्यु श्वास थांबून येतो, कीं हृदय थांबून? हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन डॉ. एडवर्ड लॉरी यांचा कौल श्वासाकडे होता. १८८८ च्या पहिल्या कमिशनांत १४१ कुत्र्यांवर प्रयोग झाले. परंतु 'लॅन्सेट' या लंडनच्या वैद्यकपत्रास ते पटेनात. तेव्हां निजामसरकारनें एक हजार पौंड देऊन त्या पत्राचा प्रतिनिधि मागविला, आणि १८८९ च्या अखेरीस डॉ. लॉडर ब्रंटन हैदराबादेस दाखल झाले.

या दुसऱ्या कमिशननें कुत्रीं व माकडें मिळून चारशेंहून अधिक प्राणी तपासले. क्लोरोफॉर्म इतर औषधांच्या जोडीनेंहि दिलें. अगोदर मॉर्फिया टोंचल्यास कुत्र्यास क्लोरोफॉर्म कमी लागतें, हें फ्रान्सांत क्लोद बर्नार्डनें पूर्वींच दाखविलें होतें. कमिशननें मॉर्फियास संमति दिली, ॲट्रोपीनचा निषेध केला, आणि निकाल दिला: श्वासच आधीं थांबतो, त्यावर नजर ठेवावी, म्हणजे भय नाहीं.

तरीहि शस्त्रक्रियेच्या मेजावरचे मृत्यु थांबले नाहींत. १९११ सालीं इंग्लंडांत डॉ. गुडमन लेव्ही यांनीं हलकें क्लोरोफॉर्म दिलेल्या मांजरांस ॲड्रेनलीन टोंचलें. त्यांचें हृदय नियमित आकुंचन सोडून नुसतें थरथरूं लागलें आणि बंद पडलें. भ्यालेल्या रोग्याच्या देहांत हें द्रव्य आपोआप स्रवतें. म्हणजे जेथें गुंगी अपुरी आणि भय पुरें, तेथेंच धोका!

हैदराबादच्या कुत्र्यांनीं खोटी साक्ष दिली नव्हती. क्लोरोफॉर्म भरपूर दिलें असतां काय होतें, तें त्यांनीं सांगितलें. हलक्या गुंगीविषयीं त्यांस पुरतें विचारलेंच गेलें नाहीं. आज पशुवैद्य कुत्र्यास मेडेटोमिडीन व केटामीन एकत्र देतात. पहिलें नाडी मंद करतें, दुसरें ती जलद करूं पाहतें. म्हणूनच हल्लीं श्वास, नाडी व रक्तदाब हीं तिन्हीं एकदम पाहतात. दोन औषधें एकत्र आलीं म्हणजे तिसरेंच कांहीं घडूं शकतें, हा धडा अनेक प्राणांच्या मोलानें मिळालेला आहे.