सरकीत दडलेला इतिहास



आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी न पाहिलेला विद्यार्थी शोधून सापडणार नाही. परंतु वेचलेल्या कापसातून निघणाऱ्या सरकीच्या प्रत्येक पेशीत लाखो वर्षांचा इतिहास लिहिलेला आहे, हे आपणांस ठाऊक आहे काय?

पेशीतील डीएनए हा चार अक्षरांत लिहिलेला ग्रंथ समजा. त्यातील कामाच्या सूचना म्हणजे जनुके. 1968 साली ब्रिटन व कोहनी या शास्त्रज्ञांनी दाखविले की, या ग्रंथात काही मजकूर हजारो, लाखो वेळा पुन्हा पुन्हा येतो. ज्या डीएनएचे काही कार्य दिसेना, त्याला 1972 नंतर 'कचरा' म्हणण्याची रीत पडली.

हा मजकूर एवढा वाढला कसा? त्या उत्तराचा पहिला धागा एका स्त्रीच्या हाती आधीच लागला होता. बार्बरा मॅक्लिंटॉक यांचा जन्म 1902 साली अमेरिकेत झाला. कॉलेजात शिकली तर मुलीचे लग्न जमणार नाही, अशी त्यांच्या आईला धास्ती होती. वडिलांनी पाठिंबा दिला आणि 1919 मध्ये त्या कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाल्या. पुढे मक्याच्या दाण्यांवरील रंगीत ठिपके तपासताना त्यांना आढळले की, डीएनएचे काही तुकडे आपली जागा बदलतात. तुकडा रंगाच्या जनुकात शिरला की रंग बंद पडतो. तो निघून गेला की त्या पेशींत रंग परततो आणि ठिपका उमटतो. 1951 च्या परिषदेत त्यांनी हे मांडले, पण बहुतेक श्रोत्यांना ते उमगले नाही. त्यांनी काम मात्र सोडले नाही. 1983 साली, वयाच्या 81 व्या वर्षी, त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता पुन्हा आपल्या शेतात येऊ. पेरू देशातील एका रानटी कपाशीचा डीएनए 2012 मध्ये आणि आपल्या देशी कपाशीचा 2014 मध्ये वाचून प्रसिद्ध झाला. दोन्हींत गुणसूत्रांच्या 13 जोड्या, जनुकेही सुमारे 40 हजार. तरी देशी कपाशीचा ग्रंथ सुमारे 170 कोटी अक्षरांचा, म्हणजे जवळजवळ दुप्पट! कारण काही फिरते तुकडे मूळ जागा न सोडता आपली नक्कल काढून ती दुसरीकडे बसवितात. दोन्ही घराणी वेगळी झाल्यावर देशी कपाशीच्या घराण्यात अशा नकला फार वाढल्या. तिच्या ग्रंथाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग पुनरुक्त मजकुराचाच आहे.

आज आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पेरली जाते ती अमेरिकन कपाशी. तिच्यात गुणसूत्रांच्या 26 जोड्या आहेत. सुमारे 10 ते 20 लाख वर्षांपूर्वी देशी व पेरूतील कपाशीच्या जवळच्या नातलगांचा संकर होऊन ती जन्मली. म्हणजे गावरान पऱ्हाटी ही तिची आप्तच!

पालकहो, कपाशीवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था 1976 पासून आपल्या शेजारी नागपुरात आहे. तेथवर आपल्या मुलामुलींना पोहोचता यावे. घरात एखादी मुलगी दाण्यावरचे ठिपके न्याहाळीत बसली, तर 'हिच्या लग्नाचे काय?' असे म्हणून तिच्या हातातील पुस्तक काढून घेऊ नका. आणि विद्यार्थ्यांनो, जे आज वाचता येत नाही त्याला कचरा म्हणण्याची घाई करू नका.