ब्रिज विलाश लाल

ब्रिज विलाश लाल (जन्म: २१ ऑगस्ट १९५२, ताबिया, फिजी, मृत्यू: २५ डिसेंबर २०२१, ब्रिस्बेन, ऑस्ट्रेलिया) हे भारतीय वंशाचे फिजीयन इतिहासकार होते. ब्रिटिश साम्राज्यातील करारबद्ध मजुरांचे स्थलांतर आणि फिजीचा आधुनिक इतिहास हे त्यांच्या संशोधनाचे मुख्य विषय होत.

पार्श्वभूमी

१८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांहून अधिक भारतीय मजूर उसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठी फिजीला नेण्यात आले. पाच वर्षांच्या या कराराला, म्हणजे ‘अ‍ॅग्रीमेंट’ला, मजुरांनी ‘गिरमिट’ म्हटले आणि त्यावरून ते स्वतः ‘गिरमिटिया’ झाले. (मराठीत गिरमिट हे सुताराच्या हत्याराचे नाव आहे, त्याच्याशी या शब्दाचा संबंध नाही.) लाल यांचे आजोबा संयुक्त प्रांतातील बहराइच जिल्ह्यातून आलेले असेच एक गिरमिटिया होते. लाल यांचे बालपण वानुआ लेवू बेटावरील ताबिया या खेड्यात, ऊस पिकवणाऱ्या शेतकरी कुटुंबात गेले.

संशोधन

लाल यांचे शिक्षण सुवा येथील साउथ पॅसिफिक विद्यापीठ, कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ आणि कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल विद्यापीठ येथे झाले. हवाई विद्यापीठात अध्यापन केल्यानंतर ते कॅनबेरालाच प्राध्यापक झाले.

कलकत्ता बंदरातून निघणाऱ्या प्रत्येक मजुराचा परवाना तयार होत असे. त्यावर नाव, वडिलांचे नाव, वय, जात, जिल्हा, गाव आणि नोंदणीचे ठिकाण लिहिलेले असे. पीएच.डी.च्या प्रबंधासाठी लाल यांनी अशा ४५,४३९ परवान्यांतील माहितीचे संगणकाच्या साहाय्याने विश्लेषण केले. त्यातूनच ‘गिरमिटियाज’ (१९८३) हा ग्रंथ सिद्ध झाला. केवळ आकडेवारीचा म्हणून तो रूक्ष वाटेल. परंतु ज्यांनी स्वतःविषयी फारसे काही लिहून ठेवले नाही, अशा माणसांपर्यंत पोहोचण्याची दुसरी वाट क्वचितच उपलब्ध होती.

ह्यू टिंकर यांनी १९७४ मध्ये या पद्धतीला गुलामगिरीचा नवा प्रकार ठरवले होते. लाल यांनी मळ्यांवरील क्रौर्य नाकारले नाही, तसेच ‘अरकाटी’ म्हणजे मजूर गोळा करणारे दलाल फसवणूक करीत, हेही मान्य केले. मात्र सर्वच मजूर भोळेपणाने फसले, हे मत त्यांना पटले नाही. हे मजूर केवळ खालच्या मानलेल्या जातींतील नव्हते. उत्तर भारतीय ग्रामीण समाजातील जवळजवळ सर्व थर त्यांत होते. अनेकांची नोंदणी स्वतःच्या जिल्ह्याबाहेर झाली होती, म्हणजे कामाच्या शोधात त्यांनी गाव आधीच सोडले होते. फिजी हा त्या वाटेवरील पुढचा टप्पा ठरला.

स्त्रियांविषयीचे त्यांचे लेखन विशेष महत्त्वाचे आहे. मळ्यांवरील हिंसा व आत्महत्या यांचे खापर वसाहतीचे अधिकारी स्त्रियांच्या ‘चारित्र्या’वर फोडीत, लाल यांनी हा ठपका तपासून त्यातील पूर्वग्रह उघड केला. मुकादमाच्या अत्याचारातून सुटण्यासाठी नदीत उडी घेणाऱ्या कुंतीवर त्यांनी स्वतंत्र निबंध लिहिला. तिची हकीकत १९१३ मध्ये कलकत्त्याच्या ‘भारतमित्र’ या पत्रात आली होती. त्यापूर्वीच, १९१२ मध्ये, गोपाळ कृष्ण गोखले यांनी ही पद्धत बंद करण्याचा ठराव केंद्रीय विधिमंडळात मांडला होता; तो फेटाळला गेला.

‘ब्रोकन वेव्हज’ (१९९२) हा विसाव्या शतकातील फिजीचा इतिहास आणि ‘चलो जहाजी’ (२०००) हा लेखसंग्रह हे त्यांचे इतर महत्त्वाचे ग्रंथ होत. जेथे कागदपत्रे नव्हती तेथे त्यांनी आठवणी व कल्पित यांचा मेळ घालून लिहिले. ‘मिस्टर तुलसीज स्टोअर’ (२००१) हे त्याचे उदाहरण. काटेकोर इतिहासकारांना ही पद्धत रुचेलच असे नाही.

राज्यघटना आणि हद्दपारी

१९८७ च्या लष्करी उठावांनंतर हजारो भारतीय वंशाच्या नागरिकांनी फिजी सोडले. राज्यघटनेचा फेरविचार करण्यासाठी नेमलेल्या तीन सदस्यांच्या आयोगावर लाल यांची निवड झाली. सर पॉल रीव्ह्ज अध्यक्ष, तर तोमासी वाकातोरा दुसरे सदस्य होते. आयोगाच्या १९९६ च्या अहवालावर आधारित घटना १९९७ मध्ये स्वीकारली गेली, ती ज्यांनी १९८७ चे उठाव घडवले त्या सितिवेनी राबुका यांच्याच पंतप्रधानपदाच्या काळात. २००९ मध्ये लष्करी राजवटीच्या काळात ती रद्द झाली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, सरकारवर जाहीर टीका केल्यामुळे लाल यांना ताब्यात घेऊन देशाबाहेर पाठवण्यात आले. त्यांच्या पत्नी, अर्थशास्त्रज्ञ पद्मा लाल यांच्यावरही प्रवेशबंदी आली. लाल यांना हयातीत पुन्हा फिजीत जाता आले नाही. २०२२ च्या अखेरीस राबुका पुन्हा पंतप्रधान झाले आणि बंदी उठली. त्यानंतर लाल यांच्या अस्थी फिजीत आणण्यात आल्या.